पात्यावरचे चरे

माझ्या पहिल्या सुरीचे पाते ग्राइंडरवर घडवायला साडेतीन तास लागले आणि तेच पाते हाताने घासून पुरे करायला अकरा तास लागले. दुसऱ्या सुरीच्या वेळी ग्राइंडरला साडेपाच तास दिले, तेव्हा हाताचे काम चार तासांत उरकले. ग्राइंडरपाशी वाचवलेला वेळ पुढे व्याजासकट फेडावा लागतो, हे या दोन हिशोबांवरून दिसतेच. पण ते नेमके का घडते, हे समजायला मला पहिल्या पात्यावरच्या एकेका चऱ्याच्या मागे लागावे लागले. त्या पहिल्या पात्याची हकीकत इथे सविस्तर मांडते आहे.

पोलाद १०८४ प्रतीचे निवडले होते. या नावातले शेवटचे दोन आकडे कार्बनचे प्रमाण सांगतात: शेकडा ०.८४ च्या आसपास कार्बन, थोडे मँगनीज, आणि व्हॅनेडियमसारखे अतिकठीण कार्बाइड तयार करणारे धातू जवळजवळ नाहीतच. या साधेपणामुळे त्याला पाणी देणे, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण करणे, सोपे जाते, आणि हाताने घासणेही. व्हॅनेडियमचे कार्बाइड पॉलिशपेपरवरच्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दाण्यांपेक्षाही कठीण असतात, त्यामुळे ज्या पोलादात ते भरपूर असतात ते पोलाद घासणाऱ्याचा अंत पाहते. नवख्या माणसाने साध्या कार्बन पोलादापासून सुरुवात करावी असे जे सांगितले जाते, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

पाते १२० मिलिमीटर लांब, ३० मिलिमीटर रुंद आणि पाठीपाशी ३.२ मिलिमीटर जाड ठरवले. आकार कापून घेतल्यावर धारेच्या बाजूची चौकोनी कड निळ्या रंगाने रंगवली आणि तिच्या जाडीच्या मध्यावर, एकमेकींपासून ०.६ मिलिमीटर अंतरावर, दोन समांतर रेघा ओढल्या. पाणी देण्यापूर्वी धारेपाशी एवढी जाडी ठेवावीच लागते. ती याहून पातळ केली तर तेलात बुडवताना पाते पिळवटते, कधी तडकते. पाठीपासून या रेघांपर्यंत दोन्ही बाजूंनी उतार काढायचा, म्हणजे ३० मिलिमीटरच्या रुंदीत प्रत्येक बाजूने १.३ मिलिमीटर पोलाद उतरवायचे. हा कोन सुमारे अडीच अंशांचा होतो. अडीच अंश डोळ्यांना दिसत नाहीत, हातालाच ओळखावे लागतात, आणि या कामातली सगळी कठीण गोष्ट तिथे आहे.

चौकोनी कड थेट ग्राइंडरच्या नव्या बेल्टवर, म्हणजे दाणे चिकटवलेल्या फिरत्या पट्ट्यावर, टेकवली तर ती बेल्टवरचे दाणेच खरवडून काढते, म्हणून आधी एका जुन्या बेल्टवर पाते पंचेचाळीस अंशांत धरून दोन्ही बाजूंनी आखलेल्या रेघांपर्यंत कड मारून घेतली. मग ४० ग्रिटचा सिरॅमिक बेल्ट चढवला. ग्रिट म्हणजे दाण्याचे माप; आकडा जितका लहान तितका दाणा जाड. सिरॅमिक दाण्याला दाब लागतो. दाबाखाली तो बारीक बारीक तुटत जातो आणि प्रत्येक तुटीतून कापणारी नवी कड उघडी पडते; हात हलका ठेवला तर दाणा तुटत नाही, गुळगुळीत होतो, आणि कापायचे सोडून नुसती उष्णता निर्माण करत राहतो. मी भीतीपोटी हात हलका ठेवला होता. अर्ध्या तासात तो नवा बेल्ट चकचकीत झाला आणि पात्यावर मात्र उताराचा मागमूस नव्हता. दुसरा बेल्ट चढवून कोपरे बरगड्यांना टेकवली, मनगटे गोठवली, आणि हाताने पाते न सरकवता कमरेतून आणि गुडघ्यांतून संपूर्ण शरीर डावीकडून उजवीकडे न्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्यांदा ठिणग्यांचा भरगच्च फवारा उडाला आणि धारेपासून पाठीकडे चढणारी चकाकती पट्टी सलग दिसू लागली.

ती पट्टी कुठे चढेल हे अंगठा ठरवतो. अंगठ्याचा दाब पाठीच्या बाजूला दिला की घासण्याची रेघ वर चढते, धारेच्या बाजूला दिला की धार पातळ होते आणि रेघ जागच्या जागी राहते. टोकाशी धार वर वळते, त्या वळणाबरोबर मूठ किंचित उचलत न्यावी लागते. नाही तर टोकाच्या भागात उतार पुरेसा पोचत नाही, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी तिथे थांबून घासले की टोक हा हा म्हणता पातळ होते. याहून अवघड जागा दुसऱ्या बाजूला असते. मुठीलगतचा न घासलेला सपाट भाग संपून जिथे उतार सुरू होतो, तिथल्या उभ्या रेघेला प्लंज लाइन म्हणतात. प्रत्येक खेपेला पाते बेल्टवर टेकते ते या रेघेपाशी. टेकवल्यानंतर हात हलायला निमिषभर उशीर झाला, तर तेवढ्या निमिषात तिथे थोडे जास्त पोलाद जाते, आणि शंभर खेपांत ते थोडे थोडे साठत जाते. एका बाजूला सवयीचा हात मूठ धरतो आणि दुसऱ्या बाजूला बिनसवयीचा. बिनसवयीच्या हाताच्या बाजूला, म्हणजे माझ्या पात्याच्या उजव्या अंगाला, हे साठत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

४० च्या बेल्टनंतर १२० चा बेल्ट लावला. काही खेपांतच सगळे पाते एकसारखे राखी दिसू लागले, मापाने दोन्ही बाजू जुळल्या, आणि मी समाधानाने ग्राइंडर बंद केले. ही माझी सर्वांत मोठी चूक होती. बेल्ट धारेकडून पाठीकडे धावतो, त्यामुळे ४० चे चरे आणि १२० चे चरे एकाच दिशेने, पात्याला आडवे पडतात. खोल चरे उथळ चऱ्यांच्या गर्दीत, त्यांच्याच रांगेत उभे राहतात आणि डोळ्यांना सापडत नाहीत. आता मी १२० च्या बेल्टवर पाते मुद्दाम थोडे तिरके धरते, म्हणजे नवे चरे जुन्यांना छेदून जातात आणि जे राहिले ते लगेच उघडे पडते. एवढी एक सवय त्या दिवशी असती तर पुढचे अर्धे काम वाचले असते.

पाणी देण्याचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यात विशेष काही घडले नाही. भट्टीत ८१५ अंश सेल्सिअसला दहा मिनिटे ठेवून पाते सुमारे ५५ अंशांपर्यंत गरम केलेल्या तेलात सरळ खाली बुडवले. पाणी देणे हा शब्द रुळलेला असला तरी एवढे पातळ पाते खऱ्या पाण्यात बुडवले तर तडा जाण्याची भीती असते. बाहेर काढल्यावर धारेवरून कानस फिरवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. लगेच २०० अंशांवर दोन दोन तासांचे दोन टेंपर दिले, म्हणजे पाते तेवढा वेळ पुन्हा मंद तापवून ठेवले, त्यामुळे ठिसूळपणा उतरला आणि कठीणपणा बऱ्यापैकी टिकला.

त्यानंतर पुन्हा ग्राइंडर, आणि या वेळी नियम वेगळे. पाते २०० अंशांच्या वर गेले की आधी मिळवलेला कठीणपणा जाऊ लागतो, म्हणून हातमोज्याशिवाय काम करायचे, बोटांना चटका जाणवण्याआधी पाते बादलीतल्या पाण्यात बुडवायचे, आणि बेल्ट नवाकोरा वापरायचा. हातमोजा बेल्टमध्ये अडकून हात ओढला जाण्याचा धोका असतो, तेही एक कारण आहेच. धार आणि टोक इतके पातळ असतात की उष्णता पसरायला तिथे जागाच नसते. पाठ थंड असताना टोक जळून गेलेले असते. मी सलग दोन खेपा न बुडवता मारल्या आणि दुसऱ्या खेपेच्या शेवटी टोकावर एक रंग उमटला: आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, त्याच्या पुढे तपकिरी, त्याच्याही पुढे जांभळट, आणि अगदी टोकाला मोरपिसासारखा निळा. एखाद्या नखाएवढ्या जागेत तापमानाचा सगळा नकाशा होता. निळा रंग सुमारे ३०० अंशांना येतो. तो रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, पॉलिशपेपरच्या दोन हातांत निघून जाईल असा. पण टोकाच्या आरपार गेलेला मऊपणा कशानेच निघत नाही. टोक चार मिलिमीटर मागे घेतले, वळण पुन्हा काढले, आणि पाते ११६ मिलिमीटरचे झाले. धारेपाशी ०.३ मिलिमीटर जाडी उरली तेव्हा थांबले. ही धार कापत नाही, खरी धार मूठ बसवल्यानंतर लावायची असते.

या सगळ्या काळात तोंडावर फिल्टरचा मास्क आणि डोळ्यांवर चष्मा होता. पोलादाची आणि बेल्टच्या दाण्यांची धूळ ग्राइंडर थांबल्यानंतरही बराच वेळ हवेत तरंगत असते, म्हणून मशीन बंद होताच मास्क काढणे चुकीचे आहे. शिवाय जिथे लाकडाचा भुसा साचतो तिथे ठिणग्या उडू देऊ नयेत. भुशात पडलेली ठिणगी तासभर धुमसत राहू शकते.

आता हाताचे काम. पात्याहून थोडी लांब लाकडी फळी व्हाइसमध्ये आडवी पकडली, तिच्यावर चामड्याची पट्टी टाकली आणि पाते मुठीकडच्या भागावर क्लॅम्प लावून आवळले. टोक फळीच्या कडेबाहेर येणार नाही हे पाहिले, कारण टोकाकडे जोराने जाणारा हात घसरला तर तो त्याच टोकावर येतो. कागदामागे धरायला एक सपाट पोलादी ठोकळा घेतला. रबराचा किंवा लाकडाचा मऊ ठोकळा खळग्यात वाकतो, उंचवट्यावरून वळतो, आणि सगळीकडे सारखेच घासतो. कठीण सपाट ठोकळा फक्त उंचवट्यांना टेकतो, त्यामुळे खळगा कुठे आहे ते दिसते. कागद सिलिकॉन कार्बाइडचा, पाण्यात चालणारा. पाण्यात द्रव साबणाचे दोन थेंब आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घातला: साबणामुळे कीस कागदात न रुतता तरंगत वाहून जातो आणि सोड्यामुळे गंज धरण्याचा वेग कमी होतो. साध्या पाण्याने ओले राहिलेले १०८४ चे पाते काही मिनिटांतच नारिंगी पडू लागते.

१२० च्या कागदाने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासायला सुरुवात केली. पहिली दहा मिनिटे फार समाधानाची होती, कारण आडवे चरे भराभर नाहीसे होऊन त्यांच्या जागी उभी लकाकी येत होती. वीस मिनिटांनी पाते धुतले, पुसले आणि दिव्याखाली धरले, तेव्हा उजव्या बाजूला प्लंज लाइनच्या पुढे अंगठ्याच्या नखाएवढा एक काळसर लंबगोल दिसला. त्याच्या आत बेल्टचे आडवे चरे जसेच्या तसे होते, कागदाचा एक दाणाही तिथे पोचला नव्हता. तोच तो खळगा, निमिषभराच्या उशिरांनी साठवलेला. त्याची खोली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होती, पण तो घालवायचा म्हणजे त्याच्या भोवतालचे सगळे पाते तेवढे खाली आणायचे, आणि तेही पाणी दिलेल्या पोलादात.

त्या वेळी परत ग्राइंडरकडे जाणे हाच शहाणपणा होता. पण टोक एकदा जळाल्यामुळे ग्राइंडरची धास्ती बसली होती, म्हणून मी हातानेच घासत राहिले. तीन तासांनी लंबगोल आक्रसून तांदळाच्या दाण्याएवढा झाला, आणि बोटांची टोके हुळहुळी झाली. शेवटी नवा १२० चा बेल्ट चढवला, प्रत्येक खेपेनंतर पाते बुडवले आणि पंधरा मिनिटांत ती बाजू सपाट केली. हाताने खळगा काढता येतो हे खरे आहे, पण कागद हे खळगा शोधण्याचे साधन आहे आणि बेल्ट हे तो काढण्याचे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

त्यानंतर २२० चा कागद लावला, आणि इथून पुढे दिशा बदलण्याचा नियम काटेकोरपणे पाळला. १२० चे चरे उभे होते, म्हणून २२० चे डावीकडे तिरके, ४०० चे उजवीकडे तिरके, ६०० चे पुन्हा डावीकडे. प्रत्येक कागदाचे काम एकच, की आधीच्या दिशेचा एकही चरा उरू द्यायचा नाही. आणि तो उरला नाही असे वाटल्यावर आणखी थोडे घासायचे, कारण चऱ्याचा तळ त्याच्या कडांपेक्षा उशिरा जातो. पाहण्याचीही पद्धत ठरून गेली. वरचा दिवा बंद करायचा, एकच छोटा दिवा पात्याच्या पातळीच्या जरासाच वर ठेवायचा, आणि पाते त्याच्यासमोर सावकाश फिरवायचे. प्रकाशाच्या दिशेने गेलेला चरा दिसत नाही, प्रकाशाला आडवा असलेला लख्ख चमकतो. त्यामुळे एकाच जागी पाते धरून ते स्वच्छ झाले असे म्हणण्यात काही अर्थ नसतो.

४०० वर असताना असाच एक चरा चमकला. पाठीपासून सात-आठ मिलिमीटर खाली, पूर्ण आडवा, केसाएवढा, दोन्ही टोकांना निमुळता आणि मधोमध काळा. आडवा म्हणजे बेल्टचा, आणि एवढा खोल म्हणजे ४० च्या बेल्टचा. १२० चा बेल्ट, १२० चा कागद, २२० चा कागद, हे सगळे त्याच्यावरून गेले होते. पहिला विचार असा आला की तेवढ्याच जागी ४०० चा कागद घासावा. तसे केलेही, आणि पाच मिनिटांनी चरा तिथेच होता, मात्र त्याच्या भोवती एक उथळ वाटी तयार होऊ लागली होती, जिच्यात दिव्याचे प्रतिबिंब वाकडे दिसत होते. परत १२० वर जावे लागले, आणि फक्त त्या जागी नव्हे, त्या बाजूच्या सबंध पात्यावर. दीड तास मागे गेले. बारीक कागद खोल चरा काढत नाही, त्याला उजाळा देतो, हे वाक्य मी आधी ऐकले होते, पण वाकलेले प्रतिबिंब पाहिल्यावर ते पटले.

कागदाबद्दल काटकसर करू नये. पट्टीचा एक भाग तीस-चाळीस हातांनंतर बोथट होतो. तो पुढे वापरला तर पाते अधिक चमकदार दिसू लागते, म्हणून काम चालू आहे असे वाटते; प्रत्यक्षात त्या चमकेखाली आधीचे चरे दडपले जातात.

याच कागदाने मला आणखी एका जागी अडवले. ६०० चा कागद झाल्यावर पाते इतके सुंदर दिसत होते की ८०० हा केवळ उपचार वाटत होता. पण ८०० चे वीसेक हात मारले आणि पाते अधिक खरबरीत झाले. कागदात वाळूचा कण अडकला असेल म्हणून पट्टी बदलली, पाणी बदलले, फळी धुतली, तरी तेच. शेवटी दोन्ही कागद उलटे करून पाहिले, तर ८०० च्या मागे आकड्याआधी पी हे अक्षर छापलेले होते आणि ६०० च्या मागे नव्हते. पी असलेले आकडे युरोपीय मोजणीचे, नुसते आकडे अमेरिकी मोजणीचे. २२० पर्यंत दोन्ही मोजण्या जवळजवळ जुळतात, पुढे मात्र त्यांच्यात अंतर पडत जाते. पी ८०० चा दाणा सरासरी २१.८ मायक्रॉनचा, तर अमेरिकी ६०० चा दाणा सुमारे १६ मायक्रॉनचा. म्हणजे मी बारीक कागदावरून जाड कागदावर गेले होते आणि मोठा आकडा पाहून पुढे गेल्याचे समजत होते. तेव्हापासून एका पात्याला एकाच मोजणीचे कागद वापरते आणि पट्ट्या कापल्यावर प्रत्येक पट्टीच्या मागे पेनाने पूर्ण आकडा, पी असेल तर पीसकट, लिहून ठेवते.

आरशासारखी चमक मला नको होती. वापरातल्या सुरीवर ती टिकत नाही आणि पहिल्याच ओरखड्याने विद्रूप दिसते. पी ८०० वर थांबून सगळे चरे मुठीकडून टोकाकडे एका दिशेत आणायचे, एवढेच उरले होते. पण पुढेमागे घासत राहिले तर हाताची दिशा जिथे उलटते तिथे प्रत्येक दाणा वळसा घेतो आणि मासेमारीच्या गळासारखे इवलेसे आकडे पात्यावर उमटतात. ते एरवी दिसत नाहीत, दिवा तिरका आला की डझनावारी दिसतात. म्हणून शेवटचे हात फक्त ओढायचे असतात. कोरी पट्टी ठोकळ्यावर गुंडाळायची, प्लंज लाइनला टेकवायची, दाब सारखा ठेवून श्वास रोखून टोकापर्यंत एकाच ओढीत न्यायची आणि टोकाच्या पुढे हवेत उचलायची. मग पट्टी सरकवून नवी जागा पुढे घ्यायची, पाते पुसायचे, आणि पहिल्या ओढीच्या शेजारी दुसरी. ओढ वाकली किंवा मध्येच थांबली तर ती बाजू पहिल्यापासून. डाव्या बाजूला तीन वेळा पहिल्यापासून केले, उजव्या बाजूला पाच वेळा. शेवटच्या खेपेला खोलीत कागदाच्या सरकण्याखेरीज आवाज नव्हता, आणि तो आवाजही सुरुवातीपासून टोकापर्यंत एकाच सुरात गेला, तेव्हा पाते न पाहताच कळले की ही ओढ नीट आली.

पाते साबणाच्या पाण्याने धुतले, लगेच कोरडे केले, तेलाचा हात दिला आणि धारेवर टेपचे दोन पदर चिकटवून मूठ बसवायला घेतली. टोकापासून दोन बोटे मागे, पाठीच्या अगदी खाली, ४० च्या बेल्टचा एक आडवा चरा अजून आहे. पाते एका विशिष्ट कोनात धरले तरच तो दिसतो. तो काढायचा तर पाठीची कड त्या जागी गोलावली असती, म्हणून राहू दिला.